मदत हवी आहे: भाचा एमडीच्या नशेत अडकलाय

नमस्कार मंडळी. घरातला विषय आहे, नाव-गाव सांगत नाही, समजून घ्या.

भाचा २३ वर्षांचा, डिलिव्हरीचं काम करतो. चार-पाच महिने झाले, रात्र रात्र जागतो, दोन दिवस धड जेवत नाही, मग मेल्यासारखा झोपून राहतो. ताई म्हणायची, कामाचा शीण असेल. गेल्या आठवड्यात बॅगेत पुडी सापडली तेव्हा कबूल झाला: एमडी, म्हणजे मेफेड्रोन नावाचं ड्रग. पोरं याला 'म्याव म्याव' म्हणतात. नाव ऐकून हसू येईल, पण भिंतीपलीकडे कुणीतरी आपल्याबद्दलच बोलतंय असं त्याला हल्ली वाटतं.

भाऊजी म्हणतात, लग्न लावून देऊ, येईल ताळ्यावर. (म्हणजे कुणाच्या तरी लेकीचं वाटोळं!) ताईला पोलिसांची धास्ती. एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या कलम ६४अ मध्ये स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यातून सूट मिळू शकते, असं वाचलंय. प्रत्यक्षात कुणाला अनुभव?

डॉक्टर म्हणाले, एमडी सोडवायला खास गोळी नाही, समुपदेशनावरच भर. पुण्याचं १९८६ पासूनचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुचवलं, तर हा म्हणतो, "मामा, मी काय दारुडा आहे?" एका खासगी केंद्रात चौकशी केली, ते म्हणाले गाडी पाठवून उचलून आणतो. तसाच परत फिरलो.

तयार नसलेल्या पोराला तुम्ही कसं राजी केलंत? पैसे एकदम बंद करावेत की नाही? व्यसनमुक्तीच्या १४४४६ हेल्पलाइनवर कुणी बोललंय का? इथे नको असेल तर मेसेज करा.