दिवाळीनंतर कऱ्हेच्या खोऱ्यात सायकलने: जुनी देवळं, वाडे बघत जाता येईल असा रस्ता सुचवा

पर्वतीपायथा
नमस्कार मंडळी. दिवाळी झाली की एखाद्या रविवारी मी आणि माझी आतेबहीण सासवडच्या बाजूला सायकलने जायचं म्हणतोय. खडकवासला, पानशेत, सिंहगड पायथा हे आमचं नेहमीचं. आता असा रस्ता हवाय की आजूबाजूला शेतं असतील आणि उतरून बघावं असं जुनं काही वाटेत लागेल. माझी रोडबाइक आहे, २५ चे (२५ मिमी रुंदीचे) टायर. तिची हायब्रिड. ऐंशी-नव्वद किलोमीटर जमतात. एक घाट आरामात चढतो, एका दिवसात दोन घाट अजून केलेले नाहीत.

दिवे घाटाने जावं की बोपदेवने? सासवड, नारायणपूर, जेजुरी असं तिन्ही एका दिवसात बसेल का? आम्ही दोघीच असू, तेव्हा कुठला रस्ता कुठल्या वेळी टाळायचा तेही सांगा.

घाटवाट
बोपदेव. दिवे घाट हा पालखी मार्ग आहे आणि रुंदीकरण सुरू झाल्यापासून तिथे डंपर, खडी आणि धूळ. वळणावर ट्रक घासून जातो तेव्हा सायकलला बाजूला सरकायला जागा राहत नाही. घाटातून खाली मस्तानी तलाव दिसतो, तो फार सुरेख दिसतो, पण तो बघायला गाडीने जा.

बोपदेव चढताना येवलेवाडी संपेपर्यंत वाहनांचा त्रास होतो. म्हणून कोंढवा सहाच्या आत मागे टाका.

दगडी_चौथरा
ताई, तिन्ही ठिकाणं एका दिवसात बसवता येतात, पण मग प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं मिळतात आणि घरी आल्यावर नुसते फोटो उरतात. माझं ऐकाल तर सासवडला फाटा धरा आणि एका रविवारी एकच बाजू करा. पश्चिमेला गेलात तर नदीच्या उगमाची बाजू: कोढीत, गराडे, नारायणपूर, पुरंदर. पूर्वेला गेलात तर नदीबरोबर खाली: जेजुरी, मोरगाव. कऱ्हा गराड्याच्या डोंगरात उगम पावते आणि पुढे बारामती तालुक्यात नीरेला मिळते. दोन्ही बाजूंचा मुलूखही वेगळा. पश्चिमेला डोंगर, ओढे, हिरवाई. पूर्वेला पाऊस कमी, उघडी माळरानं, लांबवर दिसणारा रस्ता.

पहिल्यांदा जाताय तर पश्चिम करा. बोपदेव चढून वर आलात की बोपगाव, चांबळी, हिवरे असं करत सासवड. स्वारगेटपासून साधारण तीस किलोमीटर. सासवड पुण्यापेक्षा बरंच उंचावर आहे, त्यामुळे घाट चढल्यावर सगळी उंची लगेच परत द्यावी लागत नाही, पाय मोकळे होतात. सकाळी या पट्ट्यात हवेत गारवा असतो, पातळ जर्किन बरोबर ठेवा.

सासवडमध्ये घाई करू नका, निदान दोन तास द्या. आधी संगमेश्वर. कऱ्हा आणि चांबळीच्या ओढ्याचा (काही जण भोगावती म्हणतात) संगम जिथे होतो तिथेच हे देऊळ आहे. सायकल खाली लावून पायऱ्यांनी वर जा. नंदी, कासव, दीपमाळा सगळं निवांत बघा. मग मान वर करून शिखर बघा. खालचं अंग काळ्या घडीव दगडाचं आणि वर विटा-चुन्याचं शिखर, ही पेशवेकाळातली पद्धत. दगड जिथे संपतो आणि चुना सुरू होतो ती रेघ सकाळच्या तिरप्या उन्हात स्पष्ट दिसते. म्हणून इथे नऊच्या आत पोचा, दुपारी सगळं सपाट दिसतं. दुसरं जुनं देऊळ चांगावटेश्वर. हे गावाबाहेर आहे, नारायणपूरच्या वाटेवर, त्यामुळे ते शेवटी घ्या. मधल्या वेळात सोपानकाकांची समाधी. ज्ञानेश्वरांचे धाकटे भाऊ, १२९६ मध्ये इथे समाधिस्थ झाले. आषाढीला इथूनही स्वतंत्र पालखी निघते. गावात पुरंदऱ्यांचा वाडा आहे, बाहेरूनच बघावा लागतो, पण ती तटबंदी बघितली की गढी म्हणजे काय ते कळतं. बाळाजी विश्वनाथ १७२० मध्ये सासवडलाच वारले, त्यांची समाधीही इथेच आहे. भट घराण्यातल्या पहिल्या पेशव्याची समाधी पुण्यापासून इतकी जवळ असून तिथे कुणी फिरकत नाही, याचं मला वाईट वाटतं. तुम्ही जा.

सासवड ते नारायणपूर रस्ता चढउताराचा, जीव काढणारा नाही. डाव्या हाताला पुरंदर आणि वज्रगडाची जोडी सतत दिसत राहते. नारायणपूरला दत्ताच्या देवळात गर्दी असते, पण त्याच्या शेजारचं नारायणेश्वराचं देऊळ यादवकालीन आहे. लोक दत्ताचं दर्शन घेऊन परत फिरतात, हे राहून जातं. बाहेरच्या भिंतीवरून एक फेरी मारा.

परतीला दोन पर्याय. आल्या वाटेने बोपदेव उतरून या, एकूण ऐंशी-पंच्याऐंशी होतील. किंवा नारायणपूरहून घाट उतरून केतकावळे, कापूरहोळ आणि हायवेने कात्रज. तो पूर्ण राउंड नव्वदच्या पुढे जातो आणि हायवेचा भाग कंटाळवाणा आहे. दोन घाट केले नसतील तर पहिला पर्याय.

चेन_आणि_कॅसेट
वरच्या सल्ल्याला एक जोड. कापूरहोळवरून परतलात तर कात्रजच्या नव्या बोगद्यात सायकल घालू नका. शिंदेवाडीवरून जुन्या घाटाने चढा. तोही घाटच आहे, म्हणजे तुमचा दुसरा घाट तिथे होतो, ऐन दुपारी, थकलेल्या पायांनी. विचार करून ठरवा.

२५ चे टायर चालतील, पण २८ बसत असतील तर तेच घाला. गावाच्या तोंडाशी गतिरोधक असतात आणि झाडाच्या सावलीत त्यांच्यावरचे पांढरे पट्टे दिसत नाहीत. मागच्या कॅसेटला (मागच्या चाकाच्या दातेरी चकत्यांना) ३२ दातांची चकती असेल तर बोपदेव बसूनच चढता.

आणि सराटा. या भागात पंक्चर काचेने कमी आणि सराट्याने किंवा बाभळीच्या काट्याने जास्त होतं. चहाला थांबताना सायकल रस्त्याकडेच्या सुक्या गवतात घालू नका, डांबरावरच उभी करा. पंक्चर झालंच तर नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा. बोट फिरवलंत तर बोटातच घुसतो. फडकं जिथे अडकेल तिथे काट्याचं टोक. ते बाहेरून दिसत नाही, कारण वरचा भाग तुटून गेलेला असतो आणि रबरात फक्त बारीक टोक उरतं. ते न काढता ट्यूब बदलली तर पाच मिनिटांत दुसरीही जाते. दोघींच्या मिळून चार ट्यूब ठेवा. टायरचे आकार वेगळे असतील तर एकीची ट्यूब दुसरीला बसणार नाही, हे आधी बघा.

पर्वतीपायथा
हे फारच उपयोगी आहे, सगळ्यांचे आभार. दगडी_चौथरा, एकच बाजू करायची हे पटलं. मग पुरंदर किल्लाही त्यातच होईल का? नारायणपूरपर्यंत गेलोच आहोत तर वर जाऊन यावं असं बहिणीचं म्हणणं आहे.

दगडी_चौथरा
नारायणपूरच्या बाजूने किल्ल्यावर डांबरी रस्ता आहे, पण चढ बोपदेवच्या वरताण. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. प्रवेश फक्त दिवसा, मूळ ओळखपत्र दाखवून, आणि बऱ्याच जागी फिरायला, फोटो काढायला मनाई. वेळा बदलतात, तेव्हा जायच्या आधी चौकशी करा. सायकल, ओळखपत्र, नोंद, वर पायी फिरणं, हे धरलं तर किल्ल्याला चार तास हवेत. तो स्वतंत्र दिवस ठेवा. गाडीने नारायणपूरला जाऊन तिथून सायकलने चढलात तरी काही बिघडत नाही.

तो दिवस द्यायलाच हवा, एवढं मात्र सांगतो. संभाजी महाराजांचा जन्म इथला, १४ मे १६५७. १६६५ मध्ये दिलेरखानाने आधी वज्रगड घेतला आणि तिथून पुरंदरच्या माचीवर तोफा डागल्या. मुरारबाजी इथे पडला आणि त्यानंतर मिर्झाराजांशी तह झाला. सवाई माधवरावांचा जन्मही इथलाच, १७७४ चा. वज्रगड आणि पुरंदर यांच्यात अंतर किती कमी आहे हे खिंडीत उभं राहिल्यावर दिसतं. मग तो तह का करावा लागला ते वेगळं सांगावं लागत नाही.

खळद_शिवार
मी इथलाच, शेती आहे. ताई, तुम्ही दोघी या, सकाळच्या वेळी रस्त्याला माणसं असतात, दूधवाले, वाटाण्याच्या, भाजीच्या गाड्या. पाणी मागितलं तर कुणी नाही म्हणणार नाही. फक्त बोपदेव घाट अंधारात नको, ना जाताना ना येताना. वरच्या टेबल पॉइंटला अंधार पडल्यावर थांबू नका. दिवस लहान असतात, पाचच्या आत घाट उतरलेला बरा.

गुरुवारी आणि दत्तजयंतीच्या सुमारास नारायणपूरचा रस्ता गाड्यांनी भरलेला असतो. रविवारी पण दहानंतर वर्दळ वाढते. पुढे कधी जेजुरीला गेलात तर सोमवती अमावस्या बघून जा. त्या दिवशी खंडोबाची पालखी कऱ्हेवर स्नानाला जाते, तेव्हा सायकल काय, पायी चालायला जागा नसते. पालखी बघायची असेल तर वेगळं, मग सायकल घरी ठेवून या.

एक विनंती सगळ्यांनाच. अंजिराच्या, सीताफळाच्या बागा रस्त्याला लागून आहेत. फोटोसाठी बागेत शिरताना आधी मालकाला विचारा. ठिबकच्या नळ्या पायाखाली येतात, फांद्या मोडतात. फळ हवं असेल तर सरळ विकत घ्या, बांधावरच मिळतं. तुम्ही याल तेव्हा सीताफळ संपत आलेलं असेल. गोड अंजीर उन्हाळ्याच्या तोंडाला. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन आहे, पण खाऊन बघितल्याशिवाय त्याची चव कळायची नाही.

माळरान
पूर्व बाजूचा वकील म्हणून लिहितो. जेजुरी सगळ्यांना माहीत असते, पण सासवडहून पुरंदरमधल्याच माळशिरस गावाच्या अंगाला भुलेश्वर आहे, तिकडे फार कमी सायकलवाले जातात. यादवकाळातलं देऊळ. पुढे आदिलशाही सरदार मुरार जगदेवने त्या टेकडीवर दौलतमंगळ किल्ला बांधला, त्यामुळे बाहेरून देऊळ वाटतच नाही. आत अंधाऱ्या जिन्याने चढून गेलं की अचानक कोरीव खांब आणि मूर्तींच्या रांगा. बऱ्याच मूर्ती फोडलेल्या आहेत, तरी जे उरलंय ते बघताना तास जातो. स्त्रीरूपातला गणपती नक्की शोधा. शेवटचा चढ लहान पण उभा आहे.

या बाजूला वारा महत्त्वाचा. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा. जाताना तो ढकलतो, छान वाटतं, आणि येताना सासवडपर्यंत छातीवर बसतो. हिवाळ्यात सकाळी हलका आणि बहुतेक पूर्वेचा असतो. म्हणून भुलेश्वर, जेजुरी डिसेंबर-जानेवारीत. जेजुरी-मोरगाव रस्त्याला तेव्हा उसाच्या ट्रॉल्या असतात. पहाटे मागे दिवा नसलेली दुहेरी ट्रॉली अगदी जवळ गेल्यावर दिसते. उजाडल्यावरच त्या रस्त्याला लागा.

घाटवाट
भुलेश्वरहून परत येताना उरुळी कांचनला उतरून सोलापूर हायवेने यायचा मोह होतो. नको. सासवडवरूनच या.

सोनोरी_फाटा
मल्हारगडाचं नाव कुणीच घेतलं नाही. सासवडहून सोनोरी पाच-सहा किलोमीटर. पेशव्यांच्या तोफखान्याचे प्रमुख पानसे यांनी १७५७ ते १७६० च्या सुमारास बांधला. महाराष्ट्रात शेवटी बांधला गेलेला किल्ला म्हणून ओळखतात. लहानसा आहे, अर्ध्या तासात फिरून होतो. सोनोरी गावात पानसेंचा वाडाही आहे. ज्यांना पुरंदरला चार तास देता येत नाहीत त्यांनी हा घ्यावा. वर जाताना बुटांना क्लीट (पेडलमध्ये अडकणारी तळव्याची पट्टी) असतील तर साध्या चपला बरोबर ठेवा, मुरमावर क्लीट घसरतात.

पर्वतीपायथा
ठरलं असं: पहाटे साडेपाचला निघून कोंढवा, बोपदेव, सासवड. संगमेश्वर, सोपानकाका, पेशव्यांची समाधी, वाडा, मग चांगावटेश्वर आणि नारायणेश्वर. परत बोपदेवनेच. पुरंदर जानेवारीत, गाडी नारायणपूरला ठेवून. बहिणीला भुलेश्वरचं वर्णन वाचून तिकडेच जायचंय, तिला सांगितलं की वारा पूर्वेचा होऊ दे.

शेवटचा प्रश्न: कोढीतमधून यायचं म्हटलं तर रस्ता कसा आहे? आचार्य अत्र्यांचा जन्म कोढीत खुर्दचा, १८९८ चा, तेवढं गाव बघायचं होतं.

खळद_शिवार
रस्ता अरुंद, मध्ये मध्ये उखडलेला. तुमच्या २५ च्या टायरला सांभाळून. येताना नको, जाताना वळा, पाय ताजे असतात आणि वेळही हाताशी असतो. गावात कुणालाही अत्र्यांचं नाव सांगा, वाट दाखवतील.