मदत हवी आहे: कामाच्या दिवशी होईल अशी शाकाहारी थाई ग्रीन करी

शेवंती

नमस्कार मंडळी. संध्याकाळी सातला घरी पोचायचं आणि साडेआठला पानं मांडायची, या हिशेबात बसणारी थाई ग्रीन करी हवी आहे. सासूबाई पक्क्या शाकाहारी (कांदा-लसूण चालतं, मश्रूम नाही), नवऱ्याला तिखट लागतं आणि मुलीला हॉटेलात खाल्लेलीच चव हवी आहे.

सध्या माझी पद्धत अशी: मिरच्या, भरपूर कोथिंबीर, आलं, लसूण, गवती चहाची पानं मिक्सरमधून काढते, तेलावर परतते, भाज्या आणि पाणी घालते. शेवटी नारळाच्या दुधाचा डबा ओतून उकळी येण्याआधी गॅस बंद. खायला वाईट लागत नाही, पण होतो तो कोथिंबिरीच्या वाटणाचा रस्सा. थाई म्हणावं असं काही त्यात नसतं, शिवाय गवती चहाचे धागे दातात येतात.

नाशकात गलांगल (थाई करीत घालतात तो आल्यासारखा कंद) मला कुठे दिसलं नाही. फिश सॉस अर्थातच नको. त्याला पर्याय काय? तयार पेस्ट आणावी की घरी करावी? आणि त्या करीवर जो हिरवट तवंग येतो तो कशाने येतो? माझी करी शेवटपर्यंत दुधाळच राहते.

अर्धाकप

तयार पेस्ट आणा, विषय संपला. दोन चमचे पेस्ट, एक डबा नारळाचं दूध, फ्रीजमध्ये असतील त्या भाज्या. वीस मिनिटांत जेवायला बसता येतं. घरी वाटत बसायला वेळ कोणाला आहे?

कोकणकडा

अर्धाकप, थांबा जरा. सासूबाई शाकाहारी आहेत. थाई करी पेस्टमध्ये बहुतेक वेळा कापी असते, म्हणजे मीठ लावून आंबवलेल्या बारीक कोळंबीचा गोळा. पुढच्या बाजूला नुसतं 'ग्रीन करी पेस्ट' आणि मिरच्यांचं चित्र असतं, कोळंबीचं नाव मागे बारीक अक्षरात. आपल्याकडे विकायला येणाऱ्या बाटलीवर आयातदाराचं लेबल लावलेलं असतं. त्यावर हिरवा ठिपका आहे की तपकिरी खूण, ते आधी पाहा आणि मग घटक वाचा. शाकाहारी पेस्ट मिळतात, पण वाचूनच घ्या.

मासे खाणाऱ्यांसाठी जाता जाता: ही कापी ज्या बारीक कोळंबीची करतात ती आपल्या जवळ्याच्याच जातकुळीतली. आमच्याकडे कापी संपली की चमचाभर सुका जवळा कोरडा भाजून, कुटून वाटणात घालतो. आंबवल्याची चव येत नाही, पण काम भागतं. शेवंतीताई, तुम्ही हे वाचलं नाही असं समजा.

बँकॉककर

शेवंतीताई, तुमच्या वाटणात थोडी दुरुस्ती लागेल, पण खरी गोम नारळाच्या दुधात आहे.

आपल्याला लहानपणापासून काय शिकवलेलं असतं? नारळाचं पातळ दूध आधी, दाट दूध अगदी शेवटी, आणि मग उकळू द्यायचं नाही, नाहीतर फुटतं. मालवणी घरात तर दाट दूध घातल्यावर गॅस मोठा केला तर ओरडा बसतो. इथे मध्य थायलंडच्या ग्रीन आणि रेड करीत बरोबर उलटं करतात. दाट दूध सगळ्यात आधी कढईत आणि ते मुद्दाम फोडायचं. मध्यम आचेवर ढवळत राहिलं की त्यातलं पाणी आटतं, आधी मोठे बुडबुडे येतात, मग ते बारीक होतात, आवाज बदलून चरचर सुरू होते आणि कडेने स्वच्छ तेल दिसायला लागतं. पेस्ट त्या तेलात परतायची. मसाल्याला तेल सुटेपर्यंत परतणं आपल्याला नवीन नाही, इथे तेल नारळाचं स्वतःचं असतं इतकंच. पेस्टचा कच्चा वास जाऊन नाकात झणका आला की पातळ दूध आणि भाज्या घालायच्या. तो हिरवा तवंग याच तेलाचा. तुम्ही दूध शेवटी घालून उकळी येऊ देत नाही, मग तवंग येणार कुठून?

आता पेस्ट. इथल्या बाजारात ती ढिगाने मांडलेली असते, वजनावर मिळते, त्यामुळे नोकरी करणाऱ्या बायका रोज वाटत बसत नाहीत. तेव्हा अर्धाकप यांचं म्हणणं अगदीच थाई आहे. पण तुम्हाला शाकाहारी हवी, तर रविवारी घरी करून ठेवा. चार माणसांच्या दोन वेळच्या करीला:

हिरव्या मिरच्या १५ (निम्म्या लवंगी, निम्म्या कमी तिखट), सांबारात घालतात ते छोटे कांदे ८, लसूण १० पाकळ्या, गवती चहाच्या ३ काड्यांचा बुडखा, गलांगल दीड इंच, कोथिंबिरीच्या एका जुडीची मुळं, एका लिंबाची किसलेली हिरवी साल (खालचा पांढरा भाग नको, कडू होतं), भाजलेले धणे २ छोटे चमचे, जिरं अर्धा चमचा, पांढरी मिरी १० दाणे, मीठ १ छोटा चमचा.

कोथिंबिरीची पानं या यादीत नाहीत, हे बघितलंत का? मुळं घ्यायची. आपल्याकडे जुडी मुळांसकट येते आणि भाजी निवडताना आपण पहिल्यांदा तीच कापून टाकतो. नीट माती धुवून, खरवडून घ्या. पानांचा वास शिजल्यावर मरतो आणि चटणीसारखी चव मागे राहते. मुळांचा वास शिजल्यावरही टिकतो. रंगासाठी हवी तर मूठभर पानं घाला, त्याहून जास्त नको.

गवती चहाची पानं वाटायची नाहीत. दातात येणारे धागे त्यांचेच. काडी मुळाजवळून कापा, बाहेरची दोन-तीन आवरणं सोला, खालचा पांढरट चार-पाच इंचांचा भाग चकत्या करून मग वाटा. राहिलेल्या हिरव्या पानांची गाठ मारून पातळ दुधात टाका आणि वाढताना काढून घ्या. अंगणातला गवती चहा कापताना आपण पानंच कापतो, बुडखा तसाच राहतो. करीसाठी एखादं रोप मुळापासून उपटावं लागेल.

खलबत्ता असेल तर उत्तम, नसेल तर मिक्सरचं छोटं भांडं. पाण्याऐवजी चमचाभर नारळाचं दूध घालून फिरवा. आधी धणे-जिरं-मिरी कोरडी कुटा, नाहीतर ती ओल्या वाटणात अख्खी राहतात.

अर्धाकप

दूध फोडायचं हे मान्य. पण आपल्याकडच्या बऱ्याच डब्यांतलं दूध फुटतच नाही. मी उकळवून उकळवून खरवस होईल की काय अशी वेळ आणली, तरी तेल दिसेना.

बँकॉककर

बरोबर आहे, ते मी लिहायला हवं होतं. डब्यावर ग्वार गम किंवा दुसरा कुठला घट्टपणा राखणारा पदार्थ लिहिला असेल तर ते दूध वेगळं होऊ नये म्हणूनच घातलेला असतो. मग कितीही आटवा. घटकांत फक्त नारळ आणि पाणी असेल तो डबा घ्या, आणि वापरण्याआधी हलवू नका. वर जमलेला दाट थर आधी काढून तोच कढईत घाला.

तसा डबा नाही मिळाला तर हट्ट सोडायचा. दीड चमचा खोबरेल तेल तापवायचं, त्यात पेस्ट मंद आचेवर तीन-चार मिनिटं परतायची, मग दूध थोडं थोडं घालत जायचं. इथल्या घरांतही घाईत असंच करतात, कोणी नाक मुरडत नाही. मात्र पेस्ट परतल्याशिवाय दुधात कालवायची नाही.

शेवंती

अहो हे भलतंच उलगडलं. मुळं तर मी कालच कचऱ्यात टाकली. माझ्याकडच्या डब्यावर गम लिहिलेलं आहे, म्हणजे खोबरेलाचा मार्ग. पण गलांगल आणि फिश सॉसचं काय? आणि भाज्या कुठल्या, कोणत्या क्रमाने?

सुगरणबिगरण

गलांगल म्हणजे आपलं कुलिंजन, कोष्टकोळिंजनही म्हणतात. गाणारे लोक घशासाठी तोंडात धरतात तेच. काष्ठौषधींच्या दुकानात वाळलेलं मिळेल. वाळलेलं वाटायला जाऊ नका, लाकडासारखं असतं. एक छोटा तुकडा ठेचून करीत टाका, मागून काढा. ताजं मुंबई-पुण्याच्या मोठ्या भाजी बाजारांत मिळतं, आणून चकत्या करून फ्रीझरमध्ये टाकलं की महिनोन्‌महिने राहतं.

नुसतं आलं घालायचं तर सांगितलेल्या मापाच्या निम्मं घाला. पूर्ण माप घातलं की करी आल्याच्या वळणावर जाते, मला ती सर्दीच्या काढ्यासारखी लागते.

लिंबाची पानं कोणी लिहिली नाहीत! मकरूट लिंबाची जोडपानं, आठच्या आकड्यासारखी. माझ्या मते ग्रीन करीचा निम्मा वास त्यांचा. नर्सरीत रोप मिळतं, कुंडीत चांगलं येतं. पानं हाताने फाडून, मधली शीर काढून, पातळ दुधासोबत घालायची. नसतील तर ईडलिंबाची किंवा साध्या कागदी लिंबाची कोवळी पानं. वास तितका येत नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरं.

कोकणकडा

फिश सॉसच्या जागी: एक मोठा चमचा लाइट सोया सॉस आणि बाकी मीठ. डार्क सोया नको, करी मळकट दिसते. जपानी मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा गोळा) मिळालं तर अर्धा चमचा पेस्टबरोबर परता, कापीची उणीव बरीचशी भरून निघते. गोडासाठी साखर नको. थाई लोक माडाच्या आणि ताडाच्या गुळाचा वापर करतात, गोव्याकडून कोणी येणार असेल तर माडाचा गूळ मागवून ठेवा. तो नसला तर आपला पिवळा गूळ, सुपारीएवढा.

बँकॉककर

भाज्यांचं: इथे हिरवी-पांढरी गोल छोटी वांगी घालतात आणि वाटाण्याएवढी कडसर वांगी. ती दुसरी म्हणजे तमिळ लोकांचं सुंडक्काय, माटुंग्याला मिळतं. तुमच्याकडे कोवळी हिरवी काटेरी वांगी चार फोडी करून चालतील. चिरून मिठाच्या पाण्यात ठेवा, आयत्या वेळी घाला. वांगी आणि बेबी कॉर्न आधी, सहा-सात मिनिटं. फरसबी किंवा चवळीच्या शेंगा नंतर, चार मिनिटं. ढोबळी मिरची अगदी शेवटी, दोन मिनिटं. लाल भोपळा छान लागतो, पण तो रेड करीत जास्त शोभतो. बटाटा-गाजर-मटार नको, त्याचा व्हेज कुर्मा होतो. टोफू तळून घाला. पनीर घालणारे घालतात, मी घालत नाही.

भाज्या गाळ शिजवू नका आणि झाकण ठेवू नका, हिरवा रंग जातो. लिंबू पिळायचंच असेल तर ताटात. आंबट घालून उकळलं की हिरव्याचं खाकी होतं. मुळातच ही करी फिकट हिरवी असते, पोपटी दिसली तर हॉटेलवाल्याने रंग घातला असं समजा.

गॅस बंद केल्यावर मूठभर थाई बेझिल.

शेवंती

बेझिलच्या जागी तुळस चालेल ना? दारात आहे.

सुगरणबिगरण

नको. थाई लोक तुळशीच्या जवळची एक जात वापरतात, पण ती झणझणीत परतलेल्या पदार्थात, ग्रीन करीत नव्हे. तुळशीचा लवंगेसारखा उग्रपणा नारळाच्या दुधात वर येतो. सासूबाईंना तुळस फोडणीच्या कढईत चालेल का, तेही विचारा.

एक युक्ती सांगते. फालुद्यात घालतो तो सब्जा बेझिलच्याच जातीच्या झाडाचं बी. चमचाभर सब्जा कुंडीत फेकला की आठवड्याभरात उगवतो. पानांना बडीशेपेच्या अंगाने जाणारा वास येतो, थाई बेझिलच्या बराच जवळचा. रोपागणिक थोडा फरक पडतो, तेव्हा पान चुरडून वास घ्या आणि आवडेल ते रोप ठेवा.

शेवंती

काल केली. कुलिंजनाचा तुकडा, खोबरेलात परतलेली पेस्ट, गवती चहाची गाठ. तवंग आला! पातळसा, पण हिरवा. वास जिन्यापर्यंत गेला होता म्हणे. सासूबाईंनी दोनदा घेतली आणि "जरा मिळमिळीत आहे" असंही सांगितलं. नवऱ्याचंही तेच मत. मिरच्या वाढवू की आणखी काही?

उरलेली पेस्ट बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवली आहे, ती किती टिकेल? आणि सोबत बासमती केला होता, तो करीत मोकळा मोकळा फिरत होता.

कोकणकडा

मिळमिळीत म्हणजे बहुतेक मीठ कमी. फिश सॉस खूप खारट असतो, तो काढला की लोक त्या हिशेबाने मीठ वाढवत नाहीत. नारळाचं दूध आणि गूळ मिळून मीठ खाऊन टाकतात. आधी मीठ आणि अर्धा चमचा सोया वाढवून बघा, मग मिरच्या. तिखटासाठी दोन लवंगी उभ्या चिरून शेवटी टाका, ज्याला हवी तो घेईल.

गोठवलेली पेस्ट दोन-तीन महिने बिनघोर. वड्या गोठल्या की ट्रेमधून काढून बंद डब्यात ठेवा, नाहीतर बर्फालाही लसणाचा वास लागतो. वापरताना वितळवायची गरज नाही, सरळ गरम तेलात.

भात आंबेमोहोर किंवा इंद्रायणी करा. थाई जास्मिन तांदूळ वासाचा आणि थोडा चिकट असतो, त्याच्या जवळ हेच जातात.

बँकॉककर

भाताचा कंटाळा आला तर इथे हीच करी तांदळाच्या आंबवलेल्या शेवयांवर ओतून खातात, खनोम चीन म्हणतात. तळकोकणातलं कोणी ओळखीचं असेल तर शिरवळ्यांचा साचा मागून आणा. फक्त शिरवळ्यांबरोबर नेहमीचा गूळ घातलेला रस त्या दिवशी करू नका, मुलगी तोच ओतून घेईल आणि करी तशीच राहील.

अर्धाकप

शिरवळे आणि कामाच्या दिवशी? तांदळाच्या नूडल्सचं पाकीट आणा, गरम पाण्यात बुडवा, निथळा.