सॅम बर्जेसची कारकीर्द आणि २०१५ चा डाग: दोष नेमका कोणाचा?

पाऊलवाट (धागाकर्ता)

इंग्लंडच्या रग्बीविषयी बोलताना सॅम बर्जेसचं नाव निघालं की कुणीतरी लगेच म्हणतं, ‘तो ना, २०१५ च्या वर्ल्ड कपमध्ये फसलेला?’ मला हा धडधडीत अन्याय वाटतो. त्यावर भांडायलाच हा धागा काढतो आहे.

ज्यांना पार्श्वभूमी नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रग्बी हे दोन वेगळे खेळ आहेत. युनियन पंधरा जणांचा, ज्याचा वर्ल्ड कप आपल्याकडे टीव्हीवर दिसतो. लीग तेरा जणांचा. तो इंग्लंडच्या उत्तरेकडच्या गिरण्या-खाणींच्या गावांत वाढला, आणि सिडनी-ब्रिस्बेनकडे त्याचं वेड प्रचंड आहे. बर्जेस लीगचा. यॉर्कशरमधल्या ड्यूजबरीत १९८८ साली जन्म, सतराव्या वर्षी ब्रॅडफर्ड बुल्सकडून पदार्पण, अठराव्या वर्षी न्यूझीलंडविरुद्ध ग्रेट ब्रिटनच्या संघात. वडीलही लीग खेळलेले. ते मोटर न्यूरॉन आजाराने २००७ मध्ये गेले, म्हणजे मुलगा नुकता नावारूपाला येत होता तेव्हाच. २०१० मध्ये तो सिडनीच्या साउथ सिडनी रॅबिटोज संघात गेला, मागोमाग तिन्ही भाऊही गेले, आणि २०१३ मध्ये चौघे एकाच सामन्यात एकाच संघातून खेळले.

आता ५ ऑक्टोबर २०१४. ऑस्ट्रेलियन लीगची ग्रँड फायनल, समोर बुलडॉग्ज. बर्जेसची पहिलीच धाव, समोरून जेम्स ग्रॅहम येतो, टक्कर होते आणि बर्जेसच्या गालाचं हाड मोडतं. तो बाहेर गेला नाही. त्या अवस्थेत पूर्ण ८० मिनिटं खेळला. साउथ्स ३०-६ ने जिंकले, १९७१ नंतर पहिल्यांदाच. सामनावीराला मिळणारं क्लाइव्ह चर्चिल पदक त्याला मिळालं. साउथ्सच्या जुन्या प्रेक्षकांना १९७० ची फायनल आठवली, त्यांचा कर्णधार जॉन सॅटलर मोडलेल्या जबड्याने खेळला होता ती.

तिथून तो इंग्लंडला परतला, बाथ क्लबकडून युनियन खेळू लागला आणि वर्षभराच्या आत इंग्लंडच्या वर्ल्ड कप संघात होता. यजमान इंग्लंड गटातच बाद झाला आणि खापर याच्या डोक्यावर फुटलं. माझं म्हणणं सरळ आहे. बाथने त्याला फ्लँकर म्हणून, म्हणजे पुढच्या फळीत तयार केलं. इंग्लंडने त्याला इनसाइड सेंटर म्हणून, मागच्या फळीत उतरवलं. एका माणसाला एकाच वर्षात नवा खेळ आणि त्यातल्या दोन निरनिराळ्या जागा शिकायला लावायच्या आणि मग तो कच्चा निघाला म्हणायचं, हे मला पटत नाही. चूक निवडणाऱ्यांची होती.

---

कोरा कागद

लेख आवडला, निष्कर्ष अजिबात नाही.

बर्जेस लहान मूल नव्हता. पंचवीस वर्षांचा, जगातल्या सर्वोत्तम लीग खेळाडूंपैकी एक. वर्ल्ड कप तोंडावर आहे हे त्याला ठाऊक होतं आणि तो त्यासाठीच आला होता. त्याला जागा मिळाली म्हणून ल्यूथर बरेलला घरी बसावं लागलं. बरेल त्याआधीच्या दोन सिक्स नेशन्समध्ये (युरोपातल्या सहा देशांची वार्षिक युनियन स्पर्धा) सेंटरला खेळलेला, घडलेला खेळाडू. त्याच्यावर झालेल्या अन्यायाबद्दल तुमच्या लेखात एक ओळ नाही.

आणि वेळ कमी मिळाला म्हणाल तर जेसन रॉबिन्सन बघा. तोही लीगचा, विगनचा. २००० च्या शेवटाला सेल क्लबकडे आला आणि फेब्रुवारी २००१ मध्ये इंग्लंडकडून खेळला. त्याच उन्हाळ्यात लायन्ससाठी (ब्रिटन-आयर्लंडचा एकत्रित संघ) ऑस्ट्रेलियात ट्राय, म्हणजे गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण, २००३ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये ट्राय. त्याने वेळ कमी पडल्याची तक्रार केली नाही.

---

पाऊलवाट

कोरा कागद, बरेलवर अन्याय झाला हे शंभर टक्के मान्य. पण तो कुणी केला? संघ बर्जेसने निवडला नव्हता.

रॉबिन्सनचं उदाहरण इथे लागू होत नाही. तो विंगवर आणि फुलबॅकला खेळायचा. हातात चेंडू, समोर मोकळी जागा आणि त्याचे ते पाय. ही जागा दोन्ही खेळांत बरीच सारखी आहे. शिवाय १९९६ च्या हिवाळ्यात तो काही महिने बाथकडून युनियन खेळून गेला होता, म्हणजे २००० मध्ये तो कोरी पाटी घेऊन आला नव्हता. बर्जेस लीगमध्ये पुढच्या फळीतला धडक मारणारा गडी. त्याला दहा नंबरच्या, म्हणजे संघाची चाल ठरवणाऱ्या खेळाडूच्या शेजारी उभं करून किक, पास, समोरच्याची चाल, सगळं एका क्षणात वाचायला सांगितलं.

---

आडवाट

मी युनियनच जास्त बघतो, म्हणून वेल्सविरुद्धच्या त्या सामन्याबद्दल थोडं सविस्तर. २६ सप्टेंबर २०१५, इंग्लंडचं घरचं मैदान ट्विकनम. सगळं खापर त्याच रात्रीमुळे फुटलं.

बर्जेसचं मुख्य काम होतं जेमी रॉबर्ट्सला अडवणं. रॉबर्ट्स म्हणजे वेल्सचा हातोडा, सरळ मधून घुसणारा. बर्जेसने ते काम केलं. शेवटची दहा-बारा मिनिटं राहिली असताना त्याला बाहेर काढून जॉर्ज फोर्डला आणलं आणि दहा नंबरच्या ओवेन फॅरेलला सेंटरला सरकवलं, तेव्हा इंग्लंड पुढे होतं. त्यानंतर लॉइड विल्यम्सने डावीकडून आत मारलेली किक, गॅरेथ डेव्हिसचा ट्राय, बरोबरी आणि मग डॅन बिगरची लांबून मारलेली पेनल्टी. वेल्स २८, इंग्लंड २५. अगदी शेवटी पेनल्टी मिळाली होती, तीन गुण घेऊन बरोबरी साधता आली असती. कर्णधार रॉबशॉने कोपऱ्यात लाइनआउट (कडेच्या रेषेवरून चेंडू आत फेकणं) घेतला आणि तो वाया गेला. यातलं एकही पाप बर्जेसचं नाही, तो बाकावर बसलेला होता.

पण धागाकर्त्यांशी मी पूर्ण सहमत नाही. तो मैदानात असताना इंग्लंडचा मधला भाग बोथट होता. फॅरेल, बर्जेस, बॅरिट असे तिघे भिंत बांधणारे आणि चेंडू खेळवणारा कुणीच नाही. नेहमीचा सेंटर जोनाथन जोसेफ जखमी होता हे खरं. पण फोर्डला बसवून ही रचना केली ती बर्जेस उपलब्ध होता म्हणूनच. त्याच्या असण्याने संघाचा स्वभाव बदलला आणि तो बचावाचा झाला.

---

कोरा कागद

आडवाट यांच्या शेवटच्या परिच्छेदालाच माझं अनुमोदन. त्यात एक भर. प्रशिक्षक लँकेस्टर गेला, एडी जोन्स आला, आणि जवळपास त्याच खेळाडूंनी २०१६ चा ग्रँड स्लॅम, म्हणजे सिक्स नेशन्सचे सगळे सामने, जिंकला. दहा नंबरला फोर्ड, बाराला, म्हणजे इनसाइड सेंटरला, फॅरेल. संघात बदल काय झाला? बर्जेस नव्हता.

---

पाऊलवाट

प्रशिक्षकही बदलला होता ना! नेमकी तीच गोष्ट कशी वगळता? त्याच पोरांना जोन्सने नीट जागी उभं केलं आणि ते जिंकले. हे माझ्या बाजूचं उदाहरण आहे, तुमच्या नाही.

---

हेडिंग्लीचा शेजार

मी बरीच वर्षं लीड्सला आहे. इथून हा वाद वेगळाच दिसतो, म्हणून लिहितो.

इथल्या लीगवाल्यांना बर्जेस युनियनमध्ये चालला की नाही याच्याशी फार देणंघेणं नाही. त्यांचं दुखणं असं की आपल्या खेळातल्या शिखरावरच्या माणसाची किंमत दुसऱ्याच्या अंगणातल्या पाच सामन्यांवरून ठरवतात. पाचच. फ्रान्स, आयर्लंड, फिजी, वेल्स, ऑस्ट्रेलिया. त्यातही सुरुवातीपासून खेळला तो फक्त फ्रान्स आणि वेल्सविरुद्ध.

याची मुळं जुनी आहेत. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांची बैठक झाली आणि ते रग्बी युनियनमधून फुटले. कारण पैशाचं होतं आणि अगदी साधं होतं. गिरणीतला, खाणीतला माणूस शनिवारी खेळायला गेला की त्याचा रोज बुडायचा. क्लब म्हणत होते, बुडालेली मजुरी भरून देऊ द्या. लंडनकडचे सुखवस्तू लोक म्हणाले, नाही, खेळ हौसेचाच राहील. मग पुढची शंभर वर्षं, लीग खेळलेल्या माणसाला युनियनचे दरवाजे बंद. १९९५ मध्ये युनियनने स्वतः पैसे द्यायला सुरुवात केली आणि मग तेच लोक लीगचे तयार खेळाडू न्यायला उत्तरेत आले. आपल्या गिरणगावात कबड्डीचा संघ म्हणजे चाळीची इज्जत असायची, तसं इथे लीगचं आहे. ड्यूजबरी-बॅटलीकडच्या माणसाशी बोला, बर्जेस ‘फसला’ हा शब्द तो ऐकूनच घेत नाही.

आणि खेळातला फरक समजून घ्या. लीगमध्ये टॅकल झाला, म्हणजे चेंडूवाल्याला पाडलं, की झगडा थांबतो. खेळाडू उठतो, पायाने चेंडू मागे सरकवतो, बचाव करणारे दहा मीटर मागे हटतात. असे सहा टॅकल, मग चेंडू समोरच्यांचा. युनियनमध्ये टॅकल झाल्यावरच खरी झोंबाझोंबी सुरू होते, ज्याला रक म्हणतात. तिथे कधी घुसायचं, कधी बाहेर राहायचं, रेफ्री कशावर शिट्टी मारेल, हे अंगात मुरायला वर्षं जातात. फ्लँकरचं तर सगळं आयुष्यच त्यावर, आणि लीगमध्ये फ्लँकर ही जागाच नाही. मग सव्विसाव्या वर्षी तिथे उभं राहून बाथच्या संघात हंगामाअखेर जागा पक्की करणारा माणूस कच्चा कसा?

---

सुरपारंब्या

एक मुद्दा कुणी काढलाच नाही. अँडी फॅरेल, ओवेनचे वडील.

तोही लीगचा महान खेळाडू, विगनचा कर्णधार, पुढच्या फळीतला. २००५ मध्ये युनियनच्या सॅरासिन्स क्लबकडे आला, दुखापतींनी बेजार झाला आणि २००७ मध्ये इंग्लंडने त्याला कुठे खेळवलं? इनसाइड सेंटरला. ते काही फारसं जमलं नाही. आणि २०१५ मध्ये हाच फॅरेल इंग्लंडच्या प्रशिक्षकांमध्ये होता. ज्याने स्वतः ते भोगलं, त्याच्या डोळ्यांसमोर तोच प्रयोग पुन्हा, आणि आधीपेक्षाही घाईने. मला हे आजही कळत नाही. त्यामुळे दोष कोणाचा या प्रश्नाचं माझं उत्तर निवडणारे असंच आहे.

पण बर्जेसला पूर्ण सोडून द्यायलाही मी तयार नाही. बाथशी तीन वर्षांचा करार होता. नोव्हेंबर २०१५ मध्ये, वर्ल्ड कप संपून आठवडा झाला नाही तोच, तो मोडून सिडनीला परतला. बाथने त्याच्यावर एक हंगाम खर्च केला, त्याची जागा शोधून दिली. मधल्या फळीतला गोंधळ इंग्लंडचा होता, बाथचा नाही. मग शिक्षा बाथला का?

---

कोरा कागद

नेमकं! टीका झाली की घरी परत. माझा मूळ आक्षेप हाच आहे. २०१५ मध्ये वाईट खेळणं समजू शकतो, पण दुसरा हंगाम फ्लँकर म्हणून खेळून दाखवायला हवा होता. सॉनी बिल विल्यम्स बघा. लीगमधून २००८ मध्ये फ्रान्समध्ये तूलाँ या युनियन क्लबला गेला, दोन वर्षं शिकला, मग न्यूझीलंडकडून खेळला आणि २०११ व २०१५ असे दोन वर्ल्ड कप जिंकला. धीर धरला म्हणून.

---

हेडिंग्लीचा शेजार

सॉनी बिल तूलाँला गेला तो बुलडॉग्जचा करार अर्ध्यावर टाकून, हेही सांगा. त्याला आज कुणी त्यावरून बोल लावत नाही, कारण पुढे तो जिंकला. मग बर्जेसला वेगळा नियम का?

आणि सॉनी बिलला शिकायला दोन वर्षं मिळाली. तुम्हीच लिहिलंय.

---

आडवाट

करार मोडण्याबद्दल मला बर्जेसचा रागच आहे, उगाच पांघरूण घालणार नाही. मात्र ‘टीका झाली म्हणून पळाला’ हे वाक्य त्या ग्रँड फायनलमधल्या माणसाला शोभत नाही. मोडक्या हाडावर ८० मिनिटं धडका घेणारा टीकेला घाबरला असं मी मानणार नाही. त्याचं मन त्या खेळात नव्हतं, भाऊ आणि आई सिडनीत होते, तो गेला. बाथचं नुकसान झालं ते झालंच.

त्याच्या लीगमधल्या बेशिस्तीबद्दलही बोलायला हवं. त्याने बंद्या भोगल्या आहेत आणि त्या रास्त होत्या. संत करून ठेवू नका.

---

सुरपारंब्या

सहमत. परतल्यावर काय झालं तेही कुणीतरी लिहा, नाहीतर नव्या वाचकांना कारकीर्द २०१५ ला संपली असं वाटेल.

---

पाऊलवाट

लिहितो. २०१६ मध्ये इंग्लंडच्या लीग संघाचा कर्णधार. २०१७ चा लीग वर्ल्ड कप, इंग्लंड फायनलला. ब्रिस्बेनमध्ये, ऑस्ट्रेलियासमोर, त्यांच्याच घरी. निकाल ६-०. पूर्ण सामन्यात एक ट्राय झाला, तोही बॉइड कॉर्डनरचा. ज्यांना इंग्लंडच्या संघाने छातीचा कोट केलेला बघायचा आहे त्यांनी तो सामना बघावा. त्याआधी २०१३ च्या सेमीफायनलमध्ये वेम्ब्लीवर न्यूझीलंडने शेवटच्या क्षणी २०-१८ ने हरवलं, त्यातही बर्जेसचा ट्राय होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये खांद्याने साथ सोडली आणि तिसाव्या वर्षी निवृत्ती. २०२४ मध्ये वॉरिंग्टन या इंग्लिश लीग संघाचा प्रशिक्षक झाला. २०२४ ची चॅलेंज कप फायनल विगनकडून १८-८ ने गेली, २०२५ ची हल केआरकडून ८-६ ने, अगदी शेवटच्या मिनिटांत.

कोरा कागद, तुमच्या दुसऱ्या हंगामाच्या मुद्द्यावर एवढंच. बाथचा करार पूर्ण केला असता तर तो २०१७ पर्यंत तिथेच अडकला असता. कदाचित उत्तम फ्लँकर झालाही असता. पण त्या खांद्यात शिल्लक होते ते हंगाम मोजकेच होते, आणि ते त्याने स्वतःच्या खेळाला दिले.

---

कोरा कागद

हे तुम्ही २०१९ नंतर बसून म्हणताय. २०१५ मध्ये खांद्याचं कुणालाच माहीत नव्हतं, त्यालाही नाही. बरेलची जागा घेऊन, बाथचा पैसा घेऊन एका वर्षात परत जाणं मला तेव्हाही खटकलं आणि आजही खटकतं. ब्रिस्बेनचा सामना मात्र शोधून बघतो. ६-० ची फायनल मी लीगमध्ये कधी पाहिलेली नाही.