जांभ्या जमिनीतील स्फुरद (फॉस्फरस): खत न घातलेली राई तरारलेली, मग काजूच्या बागेतच चणचण का?

प्रश्न: कातळसडा

नमस्कार. दक्षिण रत्नागिरीत आमची वडिलोपार्जित जमीन आहे. सगळी जमीन एकाच उतारावर असली तरी तिचे तीन तुकडे तीन निरनिराळ्या अवस्थांत आहेत. वरच्या अंगाला गवताळ सडा असून तेथे बहुतेक उन्हाळ्यांत वणवा लागतो. मधल्या भागात वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या जातींची काजूची बाग आहे. बी वेचणे सोपे जावे आणि आगीचे भय राहू नये म्हणून तेथील पातेरा आम्ही दरवर्षी गोळा करून बागेबाहेर टाकतो. खाली ओढ्यालगत ऐन, किंजळ, जांभूळ यांची जुनी राई आहे, जिला कोणी कधी खत घातलेले नाही.

काजूच्या प्रत्येक मोठ्या झाडाला आम्ही दरवर्षी दीड किलो सिंगल सुपर फॉस्फेट आळ्यात पसरून देतो. तरीही माती परीक्षणात बागेतील उपलब्ध स्फुरद ‘कमी’ याच वर्गात येतो. राईतील मातीचा अहवालही ‘कमी’ असाच आला आहे, परंतु तेथील झाडांवर कमतरतेचे कोणतेही लक्षण दिसत नाही. दिलेला स्फुरद जातो कोठे आणि राईला तो मिळतो कोठून? जमिनीवरील झाडोरा बदलला म्हणून मातीतील स्फुरदाचे वागणे खरोखर बदलते, की हा केवळ सावलीचा आणि ओलाव्याचा परिणाम आहे? खताची मात्रा वाढवावी असेच उत्तर असेल, तर ते कारणासह कळावे.

उत्तर: मृदाभ्यासक

प्रथम हिशेब मांडू. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद पेंटॉक्साइडच्या रूपात १६ टक्के धरला जातो. म्हणजे दीड किलो खतातून २४० ग्रॅम पेंटॉक्साइड मिळते आणि त्याला २.२९ ने भागले की मूलद्रव्य स्फुरद सुमारे १०५ ग्रॅम निघतो. काजूगरात दर १०० ग्रॅममागे स्फुरद सुमारे ०.६ ग्रॅम असतो. एखाद्या झाडाने १० किलो बी दिली आणि तिच्यातून ३ किलोच्या आसपास गर निघाला असे धरले, तर गरावाटे बागेबाहेर गेलेला स्फुरद १८ ग्रॅमच्या आसपास भरतो. टरफल, बोंडे आणि आपण बाहेर टाकता तो पातेरा यांचा वाटा त्यात मिळवला तरी दिलेल्या आणि नेलेल्या स्फुरदात मोठी तफावत उरते. आपल्या आळ्यांत स्फुरद वर्षानुवर्षे साठत आला आहे. झाडाच्या हाती तो लागत नाही एवढेच. म्हणून मात्रा वाढवण्याचा सल्ला मी देणार नाही.

तो अडकतो याचे कारण जांभ्याच्या घडणीत आहे. बेसाल्टावर लाखो वर्षे उष्ण हवा आणि मुसळधार पाऊस यांचा मारा होत राहिला, तेव्हा सिलिका, चुना आणि मॅग्नेशियम धुऊन गेले, तर लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे आणि केओलिनाइट ही चिकणमाती मागे राहिली. आम्ल मातीत फॉस्फेटचा आयन गोएथाइट किंवा गिब्साइट यांसारख्या खनिजांच्या कणांवर बसतो, पृष्ठभागावरील हायड्रॉक्सिलची जागा घेतो आणि थेट लोहाशी किंवा ॲल्युमिनियमशी बांधला जातो. नव्याने बांधलेला स्फुरद काही प्रमाणात सुटू शकतो. जसजसा काळ जातो तसतसा तो कणाच्या आत शिरतो आणि मग त्याचे सुटणे फार मंद होते. वॉकर आणि सायर्स या मृदाशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये मांडलेली रूपरेषा हीच आहे: माती तरुण असताना स्फुरद ॲपेटाइट या खनिजात असतो आणि माती म्हातारी होते तसा तो सेंद्रिय रूपात आणि लोहाच्या कैदेत वाटला जातो. हवाई बेटांवर सुमारे ३०० वर्षांपासून ४१ लाख वर्षांपर्यंत वयाच्या मातींची मालिका अभ्यासली गेली आहे. तेथे सर्वांत तरुण जमिनीवरील जंगल नत्र (नायट्रोजन) दिल्यावर वाढले, तर सर्वांत जुन्या जमिनीवरील जंगल स्फुरद दिल्यावर.

आता राईकडे वळू. एवढ्या जुन्या, झिजलेल्या मातीवरही जंगल उभे राहते, कारण तेथील स्फुरदाची फेरी बहुतांशी पानांतून, कुजणाऱ्या पातेऱ्यातून, सूक्ष्मजीवांतून आणि पुन्हा मुळांतून चालते. या वाटेवर त्याला खनिज मातीचा स्पर्श फार कमी होतो. पान गळण्यापूर्वी झाड त्यातील साधारण निम्मा स्फुरद परत काढून घेते. उरलेला पातेऱ्याबरोबर खाली येतो, जेथे बुरशी आणि जिवाणू त्याला आपल्या शरीरात साठवतात, मुळांतून व सूक्ष्मजीवांतून स्रवणारी फॉस्फेटेज विकरे सेंद्रिय रेणूंपासून फॉस्फेट वेगळे करतात आणि मुळांशी सहजीवन करणाऱ्या मायकोरायझा बुरशीचे धागे ते तेथल्या तेथे उचलतात. व्हेनेझुएलातील सॅन कार्लोस दे रिओ नेग्रो येथे संशोधकांनी जंगलातील मुळांच्या चटईवर किरणोत्सारी स्फुरद शिंपडला होता. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार चटईतून निसटून खाली गेलेला अंश एक टक्क्याहूनही कितीतरी कमी होता. आपल्या राईतील बहुतेक झाडे पानझडी असल्याने तेथे तितकी जाड चटई नसेल, परंतु तत्त्व तेच आहे.

मोसमी प्रदेशाला लागू पडणारी आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण तिच्याकडे फार दुर्लक्ष होते. उन्हाळ्यात कोरडी झालेली माती जूनच्या पहिल्या पावसाने एकदम भिजली की सूक्ष्मजीवांच्या अनेक पेशी फुटतात आणि त्यांतील स्फुरद मोकळा होतो. हा साठा थोड्या काळासाठीच उपलब्ध असतो. त्या वेळी वरच्या थरात जिवंत मुळे व बुरशीचे धागे असतील तर तो झाडोऱ्याकडे जातो आणि जमीन उघडी असेल तर लोहाकडे. आपण आळ्यातला पातेरा काढून टाकता, तेव्हा नेमकी ही पहिली वाट मोडते.

उत्तर: वायंगण

वरील विवेचनाला कोकणातल्या शेतीची बाजू जोडतो. आपल्याकडे भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याची रीत होती आणि काही ठिकाणी अजून आहे. सड्यावरचे गवत, झाडांचे कवळ (तोडलेल्या पालेदार फांद्या), पातेरा आणि शेण वाफ्यावर रचून भाजले की तणाचे बी जळते, आम्लता थोडी उतरते आणि राखेतून स्फुरद व पालाश (पोटॅशियम) रोपांना लगेच मिळतो. सेंद्रिय पदार्थ जळताना नत्राचा मोठा भाग वायुरूपाने निघून जातो, स्फुरद मात्र बहुतेक राखेत राहतो. म्हणून रोपवाटिकेच्या लहानशा तुकड्यासाठी ही पद्धत खरोखर उपयोगी होती. परंतु त्या राखेतला प्रत्येक कण वरकस, म्हणजे उतारावरच्या हलक्या जमिनीवरून आलेला असतो. राबाने स्फुरद निर्माण होत नाही, तो वरून खाली हलतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या कवळ तोडलेल्या वरकस जमिनी इतक्या निकृष्ट का झाल्या याचे एक कारण मला त्यात दिसते.

आपल्या सड्यावरचा वणवा तर याहून वाईट आहे, कारण तेथे राख कोणाच्याच उपयोगी पडत नाही. एप्रिल-मे महिन्यांत जळलेल्या उघड्या उतारावरून वारा आणि पहिला पाऊस तिला घेऊन जातात, तोवर गवत फुटलेलेही नसते.

खाचरांची गोष्ट वेगळी आहे. भातासाठी पाणी साठवले की मातीतील प्राणवायू संपतो, फेरिक लोहाचे फेरस लोह होते आणि लोहाने धरलेल्या स्फुरदापैकी काही भाग सुटा होतो. त्याच मातीत पावसाळ्यानंतर कोरडवाहू पीक घेतले, तर लोह पुन्हा ऑक्सिडाइझ होऊन स्फुरद पकडते. म्हणून खरिपातल्या भातापेक्षा त्यामागून घेतलेल्या कुळथाला किंवा वालाला स्फुरदाची उणीव अधिक जाणवू शकते.

उत्तर: नमुना_आणि_चाळणी

चर्चा चांगली चालली आहे, पण निष्कर्ष काढण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात असा माझा आग्रह आहे.

पहिली गोष्ट परीक्षणाच्या पद्धतीची. आम्ल मातीसाठी ब्रे क्रमांक १ ही पद्धत योग्य मानली जाते. तिच्यातील फ्लोराइड ॲल्युमिनियमला बांधून घेते व त्याने धरलेला स्फुरद सोडवते. ओल्सेन पद्धतीत ८.५ सामू (pH) असलेले सोडियम बायकार्बोनेटचे द्रावण वापरतात आणि ती मुख्यतः उदासीन व चुनखडीयुक्त मातींसाठी, म्हणजे घाटावरच्या काळ्या जमिनींसारख्या मातींसाठी आहे. आपला अहवाल कोणत्या पद्धतीचा आहे आणि आकडा मूलद्रव्यात आहे की पेंटॉक्साइडमध्ये, हे कागदावर लिहिलेले नसेल तर विचारून घ्या. शिवाय या दोन्ही पद्धती प्रामुख्याने त्या क्षणी सुटू शकणारे असेंद्रिय फॉस्फेट मोजतात. पातेऱ्यातून आणि सूक्ष्मजीवांतून वर्षभरात किती स्फुरद फिरला, हे त्यांना दिसत नाही. म्हणूनच राईचा अहवाल ‘कमी’ आणि झाडे निरोगी, यात विसंगती नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. आपली राई ओढ्यालगत, उताराच्या तळाशी आहे. मातीतील स्फुरद पाण्यात विरघळून फारसा वाहत नाही, तो धुपणाऱ्या बारीक कणांबरोबर जातो. म्हणजे सड्यावरून आणि बागेतून धुपलेली माती कित्येक वर्षे त्या राईला मिळत असणार. तळाशी ओलही अधिक टिकते, आणि फॉस्फेट मुळाकडे केवळ पाण्याच्या पातळ थरातून, एका हंगामात काही मिलिमीटर एवढेच सरकत असल्याने ओलाव्याचा परिणामही खरा आहे. झाडोऱ्याचा प्रभाव वेगळा काढायचा असेल तर राईची वरची कड आणि बागेची खालची कड अशा एकाच पातळीवरचे नमुने घ्या. त्यातही आळ्यातले आणि दोन ओळींमधले नमुने कधीही मिसळू नका. ० ते १५ आणि १५ ते ३० सेंटिमीटर असे दोन थर वेगळे ठेवा. पातेरा हलक्या हाताने बाजूला सारून मगच माती घ्या.

कातळसडा

सर्वांचे मनापासून आभार. राई तळाशी असण्याचा मुद्दा मी विचारात घेतलाच नव्हता. नमुने सांगितल्याप्रमाणे घेईन. एक शंका उरते. ओळींमधल्या मोकळ्या पट्ट्यात तूर किंवा गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावले, तर लोहाने धरलेला स्फुरद बाहेर निघू शकेल का?

उत्तर: मृदाभ्यासक

तळाच्या जागेविषयीचा आक्षेप योग्य आहे आणि तुलना त्याच रीतीने व्हायला हवी.

तुरीबद्दल भक्कम पुरावा आहे. हैदराबादजवळ पाटनचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेतील संशोधकांनी १९९० मध्ये दाखवले की तुरीच्या मुळांतून पिसिडिक आम्ल व त्याची संयुगे स्रवतात, ती लोहाला पकडतात आणि त्यामुळे लोहाशी बांधलेला स्फुरद तुरीला मिळतो. ज्वारीसारख्या इतर पिकांना तो तितका साधत नाही. मात्र तुरीने मिळवलेला स्फुरद काजूला हवा असेल तर शेंगा घेऊन उरलेला पाला आणि खोडे बागेतच राहिली पाहिजेत, आणि तुरीला ऊन लागत असल्याने हे बाग तरुण असेपर्यंतच जमेल.

गिरिपुष्पाचा पाला नत्रासाठी उत्तम आहे, स्फुरदासाठी बेताचा. पाल्याच्या कोरड्या वजनात स्फुरद साधारण ०.२ ते ०.२५ टक्क्यांहून कमी असेल तर कुजवणारे सूक्ष्मजीव प्रथम स्वतःसाठीच तो अडवतात आणि गिरिपुष्प त्या सीमेच्या आसपास येते. पश्चिम केनियात टिथोनिया या सूर्यफुलासारख्या झुडपाचा पाला यासाठी नावाजला गेला, कारण त्यात हे प्रमाण ०.३७ टक्क्यांच्या आसपास आढळले. तेथेही पाला कुंपणावरून शेतात हलवला जातो, म्हणजे राबाविषयी वर जे म्हटले तेच त्यालाही लागू आहे.

आपल्या बागेपुरते सांगायचे तर हंगामात पातेरा ओळींमध्ये ओढून ठेवा आणि मेअखेरीस, पाऊस सुरू होण्यापूर्वी, परत आळ्यांत पसरा. आगीसाठी बागेच्या कडेने जाळरेषा साफ ठेवा. सगळी बाग झाडून काढण्याची गरज नाही. सुपर फॉस्फेट आळ्यात सर्वत्र न पसरता, शेणखतात मिसळून, बारीक मुळे असलेल्या पट्ट्यात अरुंद चरात द्या, म्हणजे मातीशी त्याचा स्पर्श कमी होईल आणि कुजणाऱ्या खतातील सेंद्रिय आम्ले लोहावरील काही जागा आधीच अडवतील. सामू ५.५ च्या खाली असेल तर काही झाडांना सुपर फॉस्फेटऐवजी रॉक फॉस्फेट देऊन पाहण्यासारखे आहे. आम्ल मातीत ते हळूहळू विरघळते. घाटावरच्या चुनखडीयुक्त जमिनीत ते जवळजवळ तसेच पडून राहते, म्हणून तिकडच्या नातेवाइकांना हा सल्ला देऊ नका.