शब्दचर्चा: क्षणभंगुर, नाशवंत, अनित्य आणि ट्यूलिप

प्रश्न: अ‍ॅना रिडलर या ब्रिटिश चित्रकर्तीच्या ‘मोझॅक व्हायरस’वर टिपण लिहायचे आहे. त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेले ट्यूलिप पडद्यावर उमलतात आणि बिटकॉइनचा भाव हलला की पाकळ्यांवरचे पट्टे बदलतात. फूल आणि संस्कृती दोन्ही टिकत नाहीत, या विषयाला क्षणभंगुरता म्हणावे, नश्वरता की अनित्यता?

प्रतिसाद १: फुलापुरते ‘क्षणभंगुर’ चपखल. ‘भंगुर’ हा शब्द ‘भञ्ज्’ धातूवरून आला, अर्थ मोडणारे. गंमत म्हणजे पट्टेदार ट्यूलिपला इंग्रजीतही ‘ब्रोकन’च म्हणतात. मावा किडीमार्फत विषाणू शिरतो, पाकळीतला रंग जागोजागी दबतो आणि खालचा पांढरा किंवा पिवळा उघडा पडतो. त्यात कंद खंगतो, त्याला पिल्ले कमी फुटतात. बियांतून पट्टे उतरतही नाहीत. बिटकॉइनसारखेच या फुलांचेही भाव भडकले आणि फेब्रुवारी १६३७ मध्ये हॉलंडातला ट्यूलिपचा बाजार कोसळला. त्या काळी सर्वांत महाग गणला गेलेला ‘सेम्पर ऑगस्टस’ आज फक्त चित्रांत उरला आहे. ‘सेम्पर’ म्हणजे लॅटिनमध्ये ‘सदैव’!

प्रतिसाद २: ‘नाशवंत’ टाळा. देहाबद्दलचा जुना शब्द ‘नाशिवंत’. आज ‘नाशवंत माल’ म्हटले की बाजार समितीतली मेथीची जुडी डोळ्यांपुढे येते. ‘नश्वर’ चालेल, पण त्याला प्रवचनाचा वास आहे.

प्रतिसाद ३: फुलाचे ठीक, पण संस्कृतीला ‘क्षणभंगुर’ लावता येत नाही. शतकभर टिकलेली प्रथा क्षणात मोडत नाही. प्रथा बंद पडते, कला अस्तंगत होते, बोली लोप पावते. या सगळ्यांना पोटात घेणारा शब्द ‘अनित्य’च. पालीतला ‘अनिच्च’ बौद्ध वाचकांच्या रोजच्या कानावरचा आहे.

यंत्राकडेही पाहा. रिडलरने नेदरलँड्समध्ये ट्यूलिपची १०,००० छायाचित्रे काढून प्रत्येकाची नोंद हाताने लिहिली (‘मिरिअड’, २०१८). अशी चित्रे घडवणाऱ्या ‘गॅन’ या संगणकीय पद्धतीत छायाचित्रांवरून शिकणारी दोन जाळी (नेटवर्क) असतात, एक चित्र घडवते, दुसरे खरेखोटे पारखते. पारखणाऱ्याला फसवायची एक युक्ती घडवणाऱ्याला सापडली की ते तेच फूल पुन्हापुन्हा काढत बसते. संग्रहात जे विरळ, ते आधी गळते. त्यामुळे पट्टेदार फुले मोजकीच असतील तर सगळे साधे लाल-पिवळेच बाहेर येते. स्वतः असे यंत्र शिकवताना हे झाले तर आधी प्रत्येक प्रकाराची छायाचित्रे मोजा. कमी असतील तिथे नवी भरा. नुसते प्रशिक्षण लांबवून भागत नाही.

प्रश्नकर्ता: मग ‘संस्कृतीची अनित्यत्वता’ लिहू?

प्रतिसाद ३: एकाला दोन प्रत्यय नकोत. ‘अनित्यता’ किंवा ‘अनित्यत्व’. आणि ‘संस्कृतीची अनित्यता दर्शवते’पेक्षा ‘संस्कृती किती अनित्य, ते दिसते’ बरे.

प्रतिसाद २: पहिल्या उल्लेखात ‘पट्टेदार’ लिहा. नुसते ‘मोडलेले ट्यूलिप’ वाचून कोणालाही देठ मोडला असेच वाटेल.