शहरात एक भलंमोठं उद्यान हवं की गल्लोगल्ली छोट्या बागा?

पायवाट:
शहराच्या कडेला शे-दोनशे हेक्टरचं उद्यान उभारलं की उद्घाटनाचे फोटो झकास येतात. पण गुडघेदुखीने बेजार आजी किंवा कडेवर पोर घेतलेली आई तिथे रोज जाणार कशी? नगरनियोजनात हल्ली 3-30-300 हे सूत्र चर्चेत आहे. शहरी वनीकरणाचे अभ्यासक सेसिल कोनाइनेनडाइक यांनी ते 2021 मध्ये मांडलं: घरातून 3 झाडं दिसावीत, वस्तीवर 30 टक्के वृक्षछाया असावी, बाग 300 मीटरच्या आत असावी. पैसे मोजकेच असतील तर आधी छोट्या बागा. मोठं उद्यान ही रविवारची चैन.

उंबर:
साफ असहमत. छोटी बाग म्हणजे काय असतं? पेव्हर ब्लॉकची गोल वाट, मध्ये हिरवळ, तिच्यावर पाऊल ठेवायला बंदी आणि झाडाच्या पार बुंध्यापर्यंत काँक्रीट. पाणी मुरणार कुठे? पालापाचोळा रोज झाडून नेतात, म्हणून किडे नाहीत, म्हणून ते खाणारे पक्षीही नाहीत. झुडपं तर 'कचरा' म्हणून आधीच छाटलेली! सलग मोठ्या जागेचा आतला भाग तरी रस्त्याच्या गोंगाटातून आणि उजेडातून सुटतो. तिथला गारवा आजूबाजूच्या वस्तीलाही थोडाफार मिळतो. आणि ते 300 मीटर: जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाची शिफारस तेवढ्या अंतरात निदान अर्धा ते एक हेक्टर जागेची आहे. दोन घसरगुंड्या आणि एक बाकडं त्यात धरत नाहीत.

पायवाट:
काँक्रीट हा ठेकेदाराचा प्रताप, त्यात आकाराचा काय दोष? मोठ्या उद्यानातही तो पोचतोच, वर संगीत कारंजं घेऊन. आणि सलग जागा येते कुठून? न्यूयॉर्कच्या 341 हेक्टरच्या सेंट्रल पार्कचं सगळे कौतुक करतात. त्यासाठी 1857 मध्ये सेनेका व्हिलेज ही वस्ती उठवली, हे कितीजण सांगतात? तिथे बहुतांश कृष्णवर्णीय कुटुंबं होती, काहींची जमीन स्वतःच्या मालकीची.

उंबर:
तो अन्यायच होता. पण म्हणून आज शिल्लक असलेल्या टेकड्या, नदीकाठ, पाणथळ जागा सोडून द्यायच्या? छोटी बाग पुढेमागे कुठेही करता येते. बुजवलेला ओढा परत आणायचा तर काय होतं ते दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये बघा. चंग्येचन ओढ्यावरचा उन्नत रस्ता पाडून 2005 मध्ये तो खुला केला, पण त्यात पाणी पंपाने आणून सोडावं लागतं.

तिऱ्हाईत:
हिरवं म्हणजे लोकांसाठी खुलं, असं तुम्ही दोघंही धरून चाललाय. लंडनभोवतीचा हरितपट्टा 5,000 चौरस किलोमीटरहून मोठा आहे. त्यात बरीचशी शेती आणि गोल्फची मैदानं. तो आखला शहराची वाढ रोखायला. फाटकाला भर दुपारी कुलूप असेल, तर उन्हात रस्ता खोदणाऱ्याला तुमची एक हेक्टर काय आणि शंभर हेक्टर काय!

पायवाट:
कुलपाचं खरंय. त्यात छोट्या बागाच जास्त अडकतात. प्रत्येकीला रखवालदार परवडत नाही.

उंबर:
मग मी वेगळं काय म्हणतोय?