मदत हवी आहे: आठ कॅव्हिटींच्या मोल्डमध्ये आतल्या चारांना फ्लॅश, बाहेरच्या चार शॉर्ट

साचा_आठ:
नमस्कार. औषधाच्या डबीच्या प्लॅस्टिक झाकणाचा आठ कॅव्हिटींचा (एका शॉटमध्ये आठ झाकणे काढणारा) मोल्ड मी सॉलिडवर्क्स या सॉफ्टवेअरमध्ये डिझाइन केला असून काल त्याची दुसरी ट्रायल झाली. आतल्या चार झाकणांना कडेने फ्लॅश (जादा प्लॅस्टिकची पातळ कड) येतो आणि त्याच शॉटमध्ये बाहेरची चार पूर्ण भरत नाहीत. रनर (वितळलेले प्लॅस्टिक कॅव्हिटींपर्यंत नेणारी वाट) 'एच' मांडणीचा आहे व स्प्रूपासून (मोल्डमध्ये प्लॅस्टिक शिरते तिथपासून) प्रत्येक गेटपर्यंतचे (कॅव्हिटीच्या तोंडापर्यंतचे) अंतर सारखे आहे, हे मी मॉडेलमध्ये दोनदा मोजले आहे. बाहेरची चार गेट मोठी करायची आहेत, पण ती सॉफ्टवेअरच्या पॅटर्नमध्ये (एकाच आकाराच्या जोडलेल्या प्रतींमध्ये) असल्यामुळे एक बदलले की आठही बदलतात. चारच कशी बदलावीत, एवढेच कृपया सांगावे. ग्राहकाला परवा नमुने द्यायचे आहेत.

भोसरीकर:
मटेरियल कोणते, मशीन किती टनांचे (म्हणजे मोल्ड किती जोराने दाबून धरते), गेट कोणत्या प्रकारचे आणि झाकणाचे वजन किती, हे आपण लिहिलेच नाही. ते कळल्याशिवाय कोणीही अंदाजच बांधेल.

साचा_आठ:
मटेरियल पीपी (पॉलिप्रॉपिलीन), मशीन 80 टन, सबमरीन गेट (मोल्डच्या सांध्याखालून तिरके शिरणारे) 1 मिमी, झाकणाचा व्यास 32 मिमी, वजन सुमारे 1.8 ग्रॅम. माझा प्रश्न मात्र सॉफ्टवेअरचा होता.

मॅनिफोल्ड:
झाकणांसाठी कोल्ड रनर (ज्यात रनरमधले प्लॅस्टिकही दर शॉटला गोठून बाहेर पडते) वापरणे मला पटत नाही. मी सहा वर्षे हॉट रनरच (ज्यात ते वितळलेलेच राहते) लावतो. स्प्रू दळण्याची कटकट संपते आणि सायकलही कमी होते. नवीन मोल्ड बनवाल तेव्हा तोच घ्यावा.

भोसरीकर:
त्यांचा मोल्ड तयार आहे, मॅनिफोल्डसाहेब. शिवाय तुमच्या हॉट रनरच्या मॅनिफोल्डमध्येही (प्लॅस्टिक वाटणाऱ्या तापलेल्या ठोकळ्यातही) प्लॅस्टिक असेच फाटे घेत जाते, त्यामुळे हीच विषमता तिथेही दिसू शकते. टनेजचे म्हणाल, तर एका झाकणाचे प्रक्षेपित (समोरून दिसणारे) क्षेत्रफळ साधारण 8 चौरस सेंमी होते. आठांचे 64 आणि रनर धरून 75 समजा. चौरस सेंमीला अर्धा टन धरला तरी 38 टनांच्या आतच राहतो. म्हणजे 80 टनांचे मशीन पुरेसे आहे, आणि फ्लॅशचे कारण आतल्या कॅव्हिटी आधी भरून त्यांवर जादा दाब येणे हेच असावे.

पिच_साठ:
श्रिंकेजची (थंड होताना प्लॅस्टिक आकसण्याची) भरपाई कुठे दिली आहे, तेही तपासावे. मी एकदा आठही कॅव्हिटी मांडून झाल्यावर संपूर्ण मांडणीला 1.5 टक्के स्केल दिले, तेव्हा 60 मिमीचा पिच (दोन कॅव्हिटींमधले अंतर) 60.9 झाला आणि इन्सर्ट (कॅव्हिटींचे सुटे ठोकळे) पॉकेटमध्ये (त्यांच्या खाचांत) बसेनात. स्केल एका झाकणाला आधी द्यावे, पॅटर्न नंतर करावा.

साचा_आठ:
ते तसेच केले आहे. गेटचे कोणी सांगेल का?

बेंचवरचा:
पॅटर्नच्या फीचरमध्ये 'इन्स्टन्सेस टू स्किप' आहे. तिथे बाहेरची चार वगळा आणि त्यांच्यासाठी वेगळे गेट काढा. पण मी तुमच्या जागी असतो, तर हे काम आज केले नसते.

रनरमधून वेगाने जाताना प्लॅस्टिकचा भिंतीलगतचा थर घर्षणाने तापून पातळ होतो, मधला गाभा त्या मानाने थंड राहतो. फाटा आला की तापलेला थर फाट्याच्या आतल्या भिंतीला चिकटून वळतो आणि गाभा समोरच्या भिंतीकडे ढकलला जातो. पुढच्या फाट्यावर गरम बाजू स्प्रूजवळच्या कॅव्हिटीत जाते, थंड बाजू लांबच्या कॅव्हिटीत. म्हणून सगळी लांबी सारखी असूनही तुमची आतली चार आधी भरतात. पेन्सिल्व्हेनियातील जॉन ब्यूमाँट यांनी ही गोष्ट नीट मांडली आणि फाट्यावर प्रवाह फिरवून देणारी 'मेल्टफ्लिपर' पद्धत बाजारात आणली.

बाहेरची गेट मोठी केलीत तर एका वेगाला, प्लॅस्टिकच्या एका ग्रेडला जमेल. पण मोठे गेट उशिरा गोठते, त्यामुळे आतल्या-बाहेरच्या झाकणांचे वजन आणि श्रिंकेज वेगळे राहील, आणि प्रेस-फिट (दाबून बसणाऱ्या) झाकणात ते लगेच जाणवते. आधी होल्डिंग (भरल्यानंतर धरून ठेवलेला दाब) शून्य करून शॉर्ट शॉट (मुद्दाम अपुरे भरलेले) काढा, आठही झाकणे कॅव्हिटीच्या क्रमांकासह वजन करा, मग इंजेक्शनचा वेग निम्मा करून तेच पुन्हा करा. फरक वेगाबरोबर बदलला तर दोष रनरमध्ये आहे. तसाच राहिला तर दोष पोलादात, म्हणजे गेट, व्हेंट (हवा बाहेर जाण्याची फट) किंवा कूलिंगमध्ये शोधावा लागेल.

मॅनिफोल्ड:
मोल्डफ्लो (प्लॅस्टिकचा प्रवाह संगणकावर दाखवणारे सॉफ्टवेअर) चालवला असता तर हे सगळे आधीच दिसले असते.

बेंचवरचा:
नेहमीच नाही. मिडप्लेनच्या (सपाट, जाडी न दाखवणाऱ्या) जाळीवर रनर चालवला तर ही एकीकडची उष्णता दिसत नाही, त्यासाठी रनरची थ्रीडी जाळी लागते.

साचा_आठ:
आपण सांगितल्याप्रमाणे शॉट काढले. नेहमीच्या वेगाला आतली 1.71 ते 1.74 ग्रॅम, बाहेरची तीन 1.44 ते 1.46, पण आठ क्रमांकाची 1.38. निम्म्या वेगाला आतली आणि बाहेरची तीन यांच्यातला फरक 0.1 ग्रॅमपर्यंत खाली आला, आठ क्रमांकाची मात्र मागेच राहिली.

बेंचवरचा:
मग दोन दोष आहेत. सात कॅव्हिटींचा फरक रनरचा आहे. त्यासाठी दुय्यम फाट्याच्या तोंडाशी प्रवाह फिरवणारा इन्सर्ट बसेल असा पॉकेट काढता येईल. आठ क्रमांकाचे गेट पिनगेजने (ठरावीक व्यासाच्या मोजणीच्या पिनने) मोजा.

साचा_आठ:
मोजले. 1 मिमीऐवजी 0.85 आहे. ठिणगीने पोलाद कोरणारा इलेक्ट्रोड झिजलेला होता, आणि ते इन्सर्ट शेवटी स्पार्क झाले (कोरले गेले) होते. आज फक्त आठ क्रमांकाचे गेट दुरुस्त करतो, नमुने निम्म्या वेगाने काढतो आणि प्रवाह फिरवणाऱ्या इन्सर्टसाठी ग्राहकाकडे आठवडा मागतो.